नसलेल्या मुलखातला सराफकट्टा

कमोडोर 64 या, आज एखाद्या खेळण्याइतक्या दुबळ्या वाटणाऱ्या संगणकावर टेलिफोनच्या तारेतून उघडणाऱ्या ‘हॅबिटॅट’ नावाच्या नगरीत एका रात्री पैशाचा जो पूर आला, त्याला लबाडी म्हणावे की व्यापार म्हणावे, याचा निर्णय ती नगरी वसवणाऱ्यांनाही चटकन करता आला नाही. लुकासफिल्म कंपनीच्या खेळविभागातील चिप मॉर्निंगस्टार आणि रँडल फार्मर हे तिचे निर्माते. 1986 साली तिचे दरवाजे चाचणीसाठी उघडले, तेव्हा प्रत्येक नव्या रहिवाशाच्या खाती जन्मतःच 2,000 टोकन जमा होत, आणि तो ज्या दिवशी हजेरी लावील त्या दिवशी आणखी 100 टोकनांचा रोजमुरा त्याला मिळे. वस्तू विकणारी यंत्रे ठिकठिकाणी उभी होती आणि जुन्या वस्तू परत विकत घेणारी यंत्रेही होती. बाजाराला थोडी रंगत यावी म्हणून निरनिराळ्या यंत्रांतले भाव निरनिराळे ठेवले होते, आणि ते ठेवताना दोन वस्तूंच्या बाबतीत कारकुनी चूक झाली. एका यंत्रात 75 टोकनांना मिळणारी बाहुली गावाच्या दुसऱ्या टोकाचे यंत्र 100 टोकनांना घेत होते, आणि 18,000 टोकनांना मिळणारा स्फटिकगोल 30,000 ना खपत होता.

ही गोष्ट दोन-चार चाणाक्ष रहिवाशांच्या ध्यानी आली. त्यांनी आपली सारी शिल्लक बाहुल्यांत घातली, बाहुल्या गावाच्या त्या टोकाला नेऊन विकल्या, पुन्हा परत येऊन बाहुल्या घेतल्या, आणि असे करीत करीत स्फटिकगोलाएवढे भांडवल हाती येताच बाहुल्यांचा किरकोळ धंदा सोडून ते मोठ्या व्यापाराला लागले. सकाळी अधिकाऱ्यांनी हिशेबाची रुजवात केली, तेव्हा नगरीतील एकूण चलन एका रात्रीत पाचपट झालेले आढळले. विचारणा झाली तेव्हा त्या मंडळींनी, पैसा सचोटीने मिळवला आहे आणि कसा मिळवला हे सांगण्यास आपण बांधील नाही, अशा अर्थाचे बाणेदार उत्तर दिले. मॉर्निंगस्टार आणि फार्मर यांनी पुढे लिहिलेल्या वृत्तांतात हा प्रसंग मोठ्या खिलाडूपणाने सांगितला आहे. त्यांनी जप्ती आणली नाही, आणि रात्रभर खेपा घालणाऱ्यांनीही तो पैसा पुढे नगरीतल्या सार्वजनिक खेळांच्या खर्चाकडे लावला.

मालक आणि रयत यांच्यात एवढे सामोपचाराचे वर्तन पुढच्या तीस वर्षांत फारसे पाहावयास मिळत नाही. त्या तीस वर्षांचा वृत्तांत पाहिला तर एकच गोष्ट वारंवार नजरेस येते: खेळांच्या मालक कंपन्यांनी प्रथम या व्यापाराकडे दुर्लक्ष केले, मग त्याला मनाई केली, आणि मनाई निष्फळ ठरल्यावर स्वतःच गादीवर बसून सराफी सुरू केली.

पण जे नाणे कोणत्याही टांकसाळीत पडत नाही आणि ज्यात गुंजभर रुपे नाही, त्याला मोल यावे तरी का? बुद्धिबळाचा पट आवरला की वजीर आणि प्यादे एकाच डब्यात जातात. ऑनलाइन भूमिकाखेळांत मात्र पट आवरतच नाही. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 1978 ते 1980 या काळात रचलेल्या ‘मड’ या केवळ शब्दांनी वर्णिलेल्या खेळापासून ही परंपरा सुरू झाली. खेळाडू घरी जाऊन झोपला तरी जग चालू राहते, आणि त्याने कमावलेले सामर्थ्य, शस्त्र आणि धन दुसऱ्या दिवशी त्याच्या नावे शिल्लक असते. जे शिल्लक राहते ते साठते, आणि जे साठवायला महिने लागतात ते विकत घेणारा कोणीतरी निघतो. एका बाजूला वेळ भरपूर पण खिसा रिकामा असे विद्यार्थी, आणि दुसऱ्या बाजूला खिसा भरलेला पण रात्री दोन तासांपलीकडे सवड नसलेले नोकरदार, असे दोन वर्ग एकाच मुलखात येऊन राहिले, तेव्हा त्यांच्यात देवघेव सुरू होण्यास कोणाच्या परवानगीची गरज राहिली नाही.

सप्टेंबर 1997 मध्ये टेक्सास संस्थानातील ऑस्टिन येथील ओरिजिन कंपनीने ‘अल्टिमा ऑनलाइन’ लोकांपुढे आणला. रिचर्ड गॅरियट हा त्याचा जनक त्या जगात लॉर्ड ब्रिटिश या नावाने राज्य करी, आणि खेळ प्रसिद्ध होण्यापूर्वीच, चाचणीच्या काळात, एका सामान्य प्रजाजनाने अग्निमंत्र टाकून या राजाचा भर सभेत वध केला होता. रयतेच्या स्वभावाची ती आगाऊ सूचनाच म्हणावयाची. रचनाकारांनी अर्थव्यवस्था मोठ्या विचारपूर्वक आखली होती. जगातील लोकर, लोखंड, कातडे यांचे एकूण परिमाण ठरलेले असावे, वस्तू मोडली की तिचे द्रव्य निसर्गात परत जावे आणि तेवढ्याच मेंढ्या नव्याने उपजाव्यात, असा तो आटोपशीर संसार होता. त्यात माणसाच्या संग्रहबुद्धीचा हिशेब तेवढा राहून गेला. शिंपीकाम शिकण्यासाठी खेळाडू सदऱ्यांवर सदरे शिवीत आणि ते न मोडता पेटाऱ्यांत भरून ठेवीत. द्रव्य पेटाऱ्यांत अडकून पडले आणि रानात मेंढ्या उपजेनाशा झाल्या. अखेर कंपनीने हा बंदिस्त हिशेब सोडून दिला आणि नवे द्रव्य मोकळेपणाने सोडण्यास आरंभ केला. नळ सोडला तर मोरीही तेवढीच मोठी हवी, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असलेले तत्त्व या खेळांच्या अर्थशास्त्राचे पहिले सूत्र ठरले, आणि मोरी लहान पडल्यामुळे अल्टिमातले सोने झपाट्याने स्वस्त झाले. त्यात प्रणालीतील दोष हेरून सोन्याच्या राशींच्या हुबेहूब नकला काढणाऱ्यांनी भर घातली.

जमीन मात्र मर्यादित होती. घर बांधण्याजोगी जागा संपली, तेव्हा उभ्या घरांचे भाव कडाडले, आणि ईबे या नव्याने नावारूपाला आलेल्या लिलावघरात, जुन्या टपाल तिकिटांच्या आणि चिनी मातीच्या बश्यांच्या शेजारी, अस्तित्वात नसलेल्या वाड्यांची जाहिरात दिसू लागली. विकणारा आणि घेणारा ठरल्या वेळी खेळातल्या एखाद्या चौकात भेटत, डॉलर पोचले अशी खात्री झाली की घराचे दस्त या पात्राच्या झोळीतून त्या पात्राच्या झोळीत जाई. साक्षीदार नाही, मुद्रांक नाही. तरीही बहुतेक व्यवहार तडीस जात, ही त्या काळच्या खेळाडूंच्या परस्पर विश्वासाबद्दल नोंदवून ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

16 मार्च 1999 रोजी ‘एव्हरक्वेस्ट’ सुरू झाला आणि या व्यापाराला खऱ्या अर्थाने पेठ मिळाली. नोराथ नावाच्या त्या जगात फ्रीपोर्ट शहराबाहेरील माळरानातून वाळवंटाच्या उत्तर भागाकडे जाणारे एक बोगद्यासारखे खिंडार आहे. रचनाकारांनी ते केवळ वाट म्हणून खोदले होते. पण जवळच पेढी असलेले शहर, शेजारून जाणारा हमरस्ता आणि रानातल्या श्वापदांपासून आडोसा, अशी तिन्ही सोयींची जागा दुसरी नव्हती, म्हणून कोणीही न ठरवता सारा बाजार तेथे गोळा झाला. संध्याकाळी त्या बोगद्यात शिरावे तर दोन्ही भिंतींना टेकून शेकडो पात्रे उभी; योद्धे, बुटके, हिरव्या कातडीचे अजस्र ट्रोल; आणि पडद्याच्या खालच्या भागात आरोळ्यांच्या ओळी इतक्या वेगाने वर सरकत की आपल्याला हव्या त्या वस्तूचे नाव डोळ्यांनी टिपणे हीही एक कला होऊन बसे. कोणी अंगरखा विकत असे, कोणी अंगठी मागत असे, आणि कोणी वनचारी तांत्रिक थोड्या नाण्यांच्या मोबदल्यात लांडग्याचा वेग देणारा मंत्र येणाऱ्या-जाणाऱ्यांवर टाकून पोट भरत असे. नाण्यांना वजन होते! तांबे, रुपे, सोने आणि प्लॅटिनम अशी दहा-दहाच्या पटीने चढणारी चार नाणी होती, आणि तांब्याचा गठ्ठा कमरेला लावून निघालेल्या पात्राची चाल मंदावे. जुन्या मराठी बखरींत खजिन्याचे उंट मागे राहिल्याचे उल्लेख वाचलेल्या माणसाला यात अपरिचित असे काही वाटू नये. डिसेंबर 2001 मध्ये कंपनीने ‘बझार’ नावाचे रीतसर बाजारस्थळ उघडले, जेथे मालक झोपी गेला तरी त्याचे पात्र विक्री करीत उभे राही. बोगद्यातली गर्दी तिकडे ओसरली.

याच मुलखात खेळाडूंनी एक असेही चलन निर्माण केले की जे कोणत्याही डॉलराने विकत मिळत नव्हते, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील ती सर्वांत मनोज्ञ गोष्ट आहे. मोठ्या ड्रॅगनाचा वध करण्यास चाळीस-पन्नास माणसे तासन्‌तास एकदिलाने लढावी लागत, आणि ड्रॅगन पडला की त्याच्यापाशी सापडणाऱ्या वस्तू मात्र दोन किंवा तीन. त्या कोणी घ्याव्यात? यावरून गिल्डच्या गिल्ड, म्हणजे एकत्र लढणाऱ्या खेळाडूंचे संघ, फुटत. तेव्हा 1999 साली ‘आफ्टरलाइफ’ या गिल्डने हजेरीची वही घातली: जो मोहिमेला येईल त्याला गुण, आणि जो वस्तू घेईल त्याच्या खात्यातून गुण वजा. व्हॉक्स आणि नागाफेन या दोन ड्रॅगनांच्या वधासाठी ही पद्धत निघाली म्हणून तिला ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’ म्हणजे डीकेपी हे नाव पडले, आणि पुढे ती जगभरच्या गिल्डांनी उचलली. हा तनखा दुसऱ्याला देता येत नसे, गिल्ड सोडली की तो बुडे, आणि वहीचा कारकून हा बहुधा गिल्डमधला सर्वांत शिव्या खाणारा मनुष्य असे. या वहीमुळेच, बाहेरून पैसे मोजून मिळवलेल्या शस्त्राबद्दल सामान्य खेळाडूच्या मनात एवढा तिटकारा का उत्पन्न झाला, हे समजते. ज्या तलवारीसाठी त्याने तीस रात्री जागवल्या, तीच तलवार शेजाऱ्याने एका दुपारी क्रेडिट कार्डावर घेतली असेल, तर तलवारीची धार कमी होत नाही, पण तिचा मान जातो.

2001 च्या आरंभी एव्हरक्वेस्टची मालक असलेल्या सोनी कंपनीने ईबेकडे तक्रार करून त्या खेळातल्या वस्तूंचे लिलाव बंद पाडले. ही सारी मालमत्ता आमच्या मालकीची आहे, खेळाडूला तिचा केवळ उपभोग आहे, असा कंपनीचा दावा होता. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे अर्थशास्त्र शिकवणारे एडवर्ड कॅस्ट्रोनोवा यांनी एक निबंध लिहिला, आणि नोराथची मोजदाद प्रथमच एखाद्या देशासारखी झाली. लिलावांतील भावांवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की नोराथचे एक प्लॅटिनम नाणे अमेरिकेच्या एका सेंटाहून किंचित अधिक मोलाचे आहे, म्हणजे तेव्हाच्या जपानी येनहून आणि इटालियन लिराहूनही वरचढ. नोराथचा रहिवासी तासाला सरासरी 3.42 डॉलर मोलाची निर्मिती करतो; आणि दरडोई राष्ट्रीय उत्पन्न 2,266 डॉलर धरले, तर या नकाशात नसलेल्या देशाचा क्रमांक रशिया आणि बल्गेरिया यांच्या मधोमध, जगात 77 वा लागतो. पेशवाईत अंकुशी आणि चांदवडी रुपयांचा परस्पर भाव ठरवताना सराफ बट्टा कापून घेत असे, पण त्या दोन्ही नाण्यांत निदान रुपे होते. येथे बट्टा कापला जात होता तो माणसांच्या जागरणाच्या तासांवर.

जेथे बट्टा आहे तेथे सराफ येतोच. लिलावघरातून हुसकावलेला व्यापार स्वतंत्र पेढ्यांकडे गेला. त्यांतील सर्वांत मोठी पेढी म्हणजे 2001 साली ब्रॉक पियर्स या बालवयात चित्रपटांत कामे केलेल्या तरुणाने काढलेली इंटरनेट गेमिंग एंटरटेनमेंट, ऊर्फ आयजीई. तिने हाँगकाँगमध्ये कचेरी थाटली, लहानसहान प्रतिस्पर्धी विकत घेतले, आणि 2006 मध्ये तिच्यासाठी गोल्डमन सॅक्ससारख्या बड्या धनकोकडून 6 कोटी डॉलरांची गुंतवणूक मिळवण्यात जो गृहस्थ पुढे होता, तो स्टीव्ह बॅनन, पुढे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा प्रमुख सल्लागार झाला. काल्पनिक बुटक्यांच्या झोळीतले सोने वॉशिंग्टनच्या राजकारणाच्या इतके जवळून वाहत गेले, हे एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते तर आपण त्याला अतिरंजित ठरवले असते.

याच सुमारास पूर्वेकडे निराळीच परिस्थिती पिकली होती. 1997 च्या आर्थिक अरिष्टानंतर दक्षिण कोरियात बेकार झालेल्या तरुणांनी ‘पीसी बांग’ म्हणजे तासावर संगणक देणाऱ्या खोल्या भरून गेल्या, आणि 1998 मध्ये आलेल्या ‘लिनिएज’ या खेळाने त्यांना पुरते वेड लावले. या खेळाचा गाभा किल्ल्यांचा होता. ज्या ‘रक्तप्रतिज्ञ’ टोळीच्या ताब्यात किल्ला, तिला भोवतालच्या दुकानांवर कर बसवण्याचा अधिकार. अडेना या नाण्यात तो कर वसूल होई. 2003 साली त्याचा दुसरा अवतार निघाला, आणि 2004 मध्ये त्याच्या ‘बार्ट्झ’ नावाच्या सर्व्हरवर, म्हणजे त्या जगाच्या एका स्वतंत्र प्रतीवर, जे घडले ते कोरियन खेळाडू अद्याप विसरलेले नाहीत. डीके नावाच्या बलाढ्य टोळीने आणि तिच्या मित्रांनी चांगली शिकारीची राने अडवली, कर चढवला, आणि जो कुरकूर करील त्याला दिसेल तेथे कापून काढण्याचा शिरस्ता घातला. त्यांच्याविरुद्ध उठलेल्या टोळ्यांच्या मदतीला अन्य सर्व्हरांवरचे खेळाडू धावले. पण एका सर्व्हरवरचे पात्र दुसरीकडे नेता येत नाही, म्हणून त्यांनी बार्ट्झवर नवी पात्रे जन्माला घातली, म्हणजे अंगात सामर्थ्य नाही आणि चिलखत घेण्यास अडेना नाही अशी. नवजात पात्र अंतर्वस्त्रांसारख्या वेशात उभे राहते, म्हणून या फौजेला ‘लंगोट्यांची पलटण’ अशा अर्थाचे कोरियन नाव पडले. एकेकटे ते एका घावात मरत. शेकडोंनी मिळून एखाद्या चिलखतधाऱ्याला घेरत, त्याची वाट अडवत आणि पुन्हा मरत. त्या वर्षी अडेनचा किल्ला पडला. त्यानंतर, ज्यांनी तो घेतला त्यांच्यात शिकारीच्या रानांवरून आणि लुटीच्या वाटणीवरून फाटाफूट झाली, आणि डीकेवाले पुन्हा वर आले, हा भाग मराठ्यांचा इतिहास वाचलेल्या वाचकाला विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

नोव्हेंबर 2004 मध्ये ब्लिझर्ड कंपनीचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला, खेळाडूंची संख्या लाखांवरून कोटीच्या घरात गेली, आणि सोने पुरवणे हा रीतसर कारखानदारीचा विषय झाला. जूलियन डिबेल या लेखकाने, ज्याने आधी स्वतः अल्टिमातल्या वस्तू विकून चरितार्थ चालतो काय याचा प्रयोग केला होता, जून 2007 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिक पुरवणीत चीनमधील नानजिंगच्या एका कारखान्याचे वर्णन केले आहे. संध्याकाळी 8 ते सकाळी 8 अशी पाळी, आठवड्याचे सातही दिवस, महिन्याकाठी दोन-तीन रात्री सुटी. सिगारेटच्या धुराने कोंदलेल्या खोलीत ओळीने मांडलेले संगणक, आणि प्रत्येकासमोर एक तरुण, तेच ते शत्रू पुन्हा पुन्हा मारून त्यांच्याजवळची नाणी वेचणारा. शंभर सोन्याच्या नाण्यांमागे कामगाराला मिळत सुमारे सव्वा डॉलर; कारखानदार तीच नाणी 3 डॉलरांना किंवा थोड्या अधिकाला पेढीला देई; आणि अमेरिकेतला अखेरचा गिऱ्हाईक त्यांच्यासाठी 20 डॉलरांपर्यंत मोजी. मजुरी तासाला साधारण 30 सेंट पडे. पण डिबेलच्या वृत्तांतातील खरे लक्षात राहणारे ठिकाण हे नव्हे. बारा तासांची पाळी संपवून बाहेर पडलेले त्यांतले काही तरुण आपल्या सवडीच्या वेळात पुन्हा तोच खेळ उघडून बसत, या वेळी आपल्या स्वतःच्या पात्रानिशी.

मँचेस्टर विद्यापीठातील रिचर्ड हीक्स यांनी 2008 मध्ये, अशा कामगारांची संख्या 4 लाखांच्या आसपास असावी आणि त्यांची सरासरी कमाई महिन्याला 145 डॉलर असावी, असा अंदाज बांधला. तो अंदाजच होता आणि त्यांनी तसे स्पष्ट म्हटले आहे. या धंद्याची आणखी काळी बाजू 2011 मध्ये ब्रिटनच्या गार्डियन पत्राने छापली. हेलाँगजियांग प्रांतातील श्रमछावणीत राहून आलेल्या एका माजी कैद्याने सांगितले की दिवसभर अंगमेहनत झाल्यावर रात्री कैद्यांना खेळात सोने वेचावयास बसवले जाई, आणि ठरलेला वाटा भरला नाही तर मार मिळे.

पाश्चात्त्य खेळाडूंना हे फारसे दिसत नव्हते. त्यांना दिसे ते एवढेच की एखाद्या रानात कोणी न बोलणारे पात्र अहोरात्र उभे आहे आणि आपल्या वाटची शिकार संपवत आहे. ‘चायनीज फार्मर’ ही शिवी झाली. लिनिएजच्या दुसऱ्या अवताराचा अभ्यास करणाऱ्या कॉन्स्टन्स स्टाइनक्यूलर यांनी नोंदवले आहे की लूट गोळा करण्याचे विशेष कौशल्य बुटक्यांकडे असल्यामुळे हे कामगार बहुधा बुटकी स्त्रीपात्रे घेत, आणि त्यामुळे बुटकी बाई दिसली की इंग्रजीत चार शब्द विचारावे व उत्तर न आल्यास मारावे, असा दंडक पडला. हौसेने ते पात्र घेणाऱ्यांची त्यात पंचाईत झाली. निक यी या संशोधकाने या द्वेषाची तुलना एकोणिसाव्या शतकातील कॅलिफोर्नियात चिनी धोब्यांविरुद्ध उसळलेल्या द्वेषाशी केली, ती मला यथार्थ वाटते. सोने विकत घेणारा गिऱ्हाईक त्याच गिल्डमध्ये, त्याच भाषेत शिवी देत बसलेला असे, आणि त्याला कोणी मारीत नसे.

पेढ्यांच्या जाहिरातीही कल्पक होत्या. वॉरक्राफ्टमध्ये ब्लिझर्डने संदेशांतून त्यांची नावे गाळण्याची व्यवस्था केली, तेव्हा त्यांनी नुकती जन्मलेली नोम जातीची बुटकी पात्रे शहराच्या चौकावर उंचावरून पाडली, ती अशा बेताने की खाली पडलेल्या प्रेतांच्या ओळींतून पेढीच्या संकेतस्थळाचे नाव उमटावे. येणारेजाणारे ती अक्षरे वाचीत उभे राहत.

सर्वांत कठोर मनाई केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीने केली. तिच्या ‘रूनस्केप’मध्ये सोने वेचणारे चोरीच्या क्रेडिट कार्डांवर सभासदत्व घेत, आणि खरा कार्डधारक तक्रार करी तेव्हा बँका पैसे कंपनीकडून परत वसूल करीत, आतबट्ट्याचा हा व्यवहार इतका वाढला की डिसेंबर 2007 मध्ये कंपनीने खेळाडूंमधील मुक्त देवघेवच बंद केली. यापुढे वस्तूच्या बदल्यात जवळजवळ तेवढ्याच किमतीची वस्तू द्यावी लागे. मित्राला चांगली तलवार भेट देणे हाही गुन्ह्यासारखा प्रकार झाला. सोने वेचणारे हटले खरे, पण बाजार गेला, उधारउसनवारी गेली, नवख्याला जुन्याने हात देण्याची रीत गेली, आणि खेळाडूंनी खेळातल्या चौकांत जमून निदर्शने केली. तीन वर्षांनी कंपनीने मतदान घेतले. बारा लाखांवर मते पडली, दहांतील नऊंनी मुक्त व्यापार मागितला, आणि 1 फेब्रुवारी 2011 रोजी तो परत आला. त्याच्या मागोमाग सोने वेचणारेही परत आले.

तेव्हा अन्य कंपन्यांनी दुसरा मार्ग धरला. ज्या सोनीने 2001 मध्ये लिलाव बंद पाडले, तिनेच 2005 मध्ये एव्हरक्वेस्टच्या दुसऱ्या अवतारासाठी ‘स्टेशन एक्स्चेंज’ नावाचे लिलावघर काढले आणि प्रत्येक विक्रीवर दलाली लावली. पहिल्या वर्षी तेथे 18 लाख डॉलरांहून अधिक उलाढाल झाली. आइसलंडच्या सीसीपी कंपनीने आपल्या ‘ईव्ह ऑनलाइन’साठी 2007 मध्ये पगारी अर्थशास्त्रज्ञच नेमला, आणि पुढच्या वर्षी प्लेक्स नावाची हुंडी काढली: डॉलर देऊन कंपनीकडून घ्यावी, खेळात नाण्यांना विकावी, आणि घेणाऱ्याने ती वटवून महिन्याचे सभासदत्व चालवावे. ब्लिझर्डने 2012 मध्ये ‘डायब्लो 3’मध्ये थेट खऱ्या पैशाचा लिलाव मांडून पाहिला. राक्षस मारून शस्त्र मिळवण्यापेक्षा ते लिलावात शोधणे सोपे झाल्याने राक्षस मारण्यातली गोडीच गेली, मे 2013 मध्ये आकडेमोडीच्या एका चुकीमुळे सोन्याच्या राशी हव्या तशा वाढवता आल्या, आणि 18 मार्च 2014 रोजी तो लिलाव गुंडाळण्यात आला. त्याच कंपनीने 2015 साली वॉरक्राफ्टमध्ये प्लेक्सच्याच धर्तीवर टोकन आणले. 20 डॉलरांना मिळणारे हे टोकन पहिल्या दिवशी 30,000 सोन्यावर उघडले, आणि पूर्वी आयजीईच्या गल्ल्यात पडणारा बट्टा कंपनीच्या गल्ल्यात पडू लागला.

या सराफीत हात मुरलेली मंडळी पुढे कोठे गेली, हेही पाहण्याजोगे आहे. ब्रॉक पियर्स बिटकॉइनच्या व्यापारात शिरला आणि टेथर या चलनाच्या संस्थापकांत त्याचे नाव आले. एके काळी जगातला बहुतांश बिटकॉइन व्यापार ज्याच्यातून जात असे, त्या माउंट गॉक्स बाजाराचे नाव ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळाच्या पत्त्यांच्या अदलाबदलीसाठी घेतलेल्या संकेतस्थळावरून आले होते. खेळातला सराफकट्टा उठून गावात आला, तो असा.

आणि नोराथच्या प्लॅटिनमची जी तुलना कॅस्ट्रोनोवांनी येन-लिराशी केली होती, तिला 2017 मध्ये व्हेनेझुएलात विलक्षण खरेपणा आला. महागाईने बोलिव्हर हे राष्ट्रीय चलन इतके कोसळले की वॉरक्राफ्टचे एक सोन्याचे नाणे त्याहून मोलाचे भरू लागले. कित्येक व्हेनेझुएली लोक जुन्या धाटणीच्या रूनस्केपमध्ये, जेथे एका खेळाडूने दुसऱ्याला मारण्यास मुभा आहे अशा ओसाड प्रदेशाच्या पूर्व भागात, हिरवे ड्रॅगन मारीत बसू लागले. ड्रॅगनाची हाडे आणि कातडे बाजारात खपते. त्याचे सोने होते. सोन्याचे डॉलर होतात. दिवसाकाठच्या त्या मोजक्या डॉलरांवर घर चाले. दुसऱ्या देशातल्या एका खेळाडूने, या व्हेनेझुएली लोकांना तेथे गाठून कसे मारावे, याची तपशीलवार मार्गदर्शिका लिहून प्रसिद्ध केली, आणि त्यावर मोठे वादंग माजले: कोणी म्हणाले नियम सर्वांना सारखे, कोणी म्हणाले पोटावर मारू नका.

7 मार्च 2019 रोजी व्हेनेझुएलाची वीज गेली आणि देशाचा बहुतेक भाग कित्येक दिवस अंधारात राहिला. वीज आली तेव्हा हिरवे ड्रॅगन आपल्या जागी होतेच. मारले गेले तरी थोड्या वेळाने ते तेथेच पुन्हा उभे राहतात, अशी त्या मुलखाची रीत आहे.